आमेन अडलं पनवेलला

नगरहून मुद्दाम पनवेलला कोणी जात नाही. मुंबईच्या वाटेवर एसटी जिथे दहा मिनिटं थांबते, लोक खाली उतरून चहा पितात आणि पाय मोकळे करून परत चढतात, ते पनवेल, एवढीच माझी साठ वर्षांची माहिती होती. या जानेवारीत तिथे तीन दिवस राहून, जिताडा नावाचा मासा गार करून खाऊन आणि एका डोळ्याने बऱ्याच प्रार्थना पाहून मी परत आले आहे. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते. जे गेले आहेत त्यांनी मासे गरम खाल्ले असतील, त्यांना यातलं काही कळायचं नाही.

बरोबर माझा थोरला भाऊ होता, शांतवन. त्याला अख्खं नगर मास्तर म्हणतं, मी दादा म्हणते. चाळीस वर्षं त्याने मुलांना चौथी पास करून दिली आणि त्याच वेळात आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पंचपणही सांभाळलं. त्याची मुलगी सुनीती अठ्ठावीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. तिच्यासाठी पनवेलचं स्थळ आलं होतं. मुलगा अनिल न्हावा-शेव्याच्या बंदराकडे एका ऑफिसात नोकरीला, राहायला नवीन पनवेलमध्ये स्वतःचा फ्लॅट. दोघं एकमेकांना भेटली होती, पत्रं चालू होती. खोट एकच होती. मुलाचे वडील दाविदराव सहा वर्षांपूर्वी आपली मंडळी सोडून दुसऱ्या एका मंडळीत गेले होते. त्या मंडळीच्या मते येशू हा देवाचा पुत्र, सगळ्यांत श्रेष्ठ, सगळ्यांत आधीचा. पण खुद्द देव नव्हे. बायबलचं त्यांचं भाषांतरही वेगळं. नाताळ ते पाळत नाहीत.

आमच्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कानावर हे गेलं. पाळक तरुण आहेत, चौथीत दादाच्या हाताखाली होते. त्यांनी एक कागद टाइप करून दादाच्या हातात दिला. येशू हा खरा देव आहे असं मी मानतो, अशा अर्थाच्या चार ओळी आणि खाली सहीची जागा. मुलाने सही केली तरच लग्नाआधी तीन रविवार मंडळीत नावं वाचली जातील, नाहीतर नाही; आणि नावं वाचल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही.

एसटी स्टँडवर सुनीतीने मला बाजूला घेतलं. "आत्या, आधीच्या दोघांना मीच नको म्हटलं होतं. हा मला हवा आहे. बाबा वाद जिंकून येतील. तू मुलगा घेऊन ये."

मी जन्मभर नर्स होते. दोन डॉक्टरांच्या भांडणातून रोग्याला सुखरूप बाहेर काढायची मला सवय आहे. मी "बरं" म्हटलं.

पहिला दिवस : चष्मा मुंबईला गेला

घाट उतरला आणि हवा बदलली. नगरला आम्ही स्वेटर घालून बसलो होतो, पनवेलला उतरलो तर कंडक्टर घामाने भिजलेला. दादाने एका हाताने पिशवी धरली, दुसऱ्या हाताने आमच्या वडिलांचं जुनं बायबल छातीशी धरलं आणि तो उतरला. बायबल फडक्यात गुंडाळलेलं, फडक्याला गाठ. गाडी निघून गेल्यावर त्याने खिसा चाचपला. चष्मा सीटवर राहिला होता आणि सीट मुंबईकडे चालली होती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? मला सगळं पाठ आहे."

नवीन पनवेलला सगळ्या इमारती सारख्या. नगरला घर ओळखायला दारातला कडुलिंब पुरतो, इथे नंबर वाचावा लागतो. मास्तरांनी चष्म्याविना नंबर वाचला आणि आम्ही दोन जिने चढून एका अनोळखी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, पत्ता नीट समजावला आणि जाताना हळदीकुंकूही पुढे केलं. दादा तोवर जिन्यात पोचला होता, म्हणून त्याने ते पाहिलं नाही. मी लावून घेतलं आणि खाली येईपर्यंत पदराने पुसलं.

दाविदराव उंच, शांत, खर्जातल्या आवाजाचे. त्यांच्या पत्नी लीलाबाई ठेंगण्या, आणि नवरा समोर असला की गप्प. अनिलने वाकून नमस्कार केला. पोरगा मला तिथल्या तिथे आवडला. ताटं मांडली होती: तांदळाची भाकरी, तळलेली कोळंबी, वालाचं बिरडं. आमच्याकडे पाहुण्याला मटण, आणि भाकरी ज्वारीची. तांदळाची भाकरी दादाने चादरीचं पोत पाहावं तशी चिमटीत धरून पाहिली.

दाविदरावांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. हिंदू वाचकांसाठी सांगते, आमच्यात जेवणाआधी एकजण प्रार्थना करतो आणि शेवटी सगळे मोठ्याने "आमेन" म्हणतात. मगच घास उचलायचा. आणि प्रार्थना चालू असताना मध्ये कोणी बोलायचं नाही, मग घराला आग का लागेना.

दाविदरावांनी अन्नाबद्दल आभार मानले. पाहुण्यांबद्दल मानले. मग आवाज न चढवता म्हणाले, "हे पित्या, तू एकटाच देव आहेस. तुझ्या पुत्राला तू सर्वांच्या आधी निर्माण केलंस, त्याच्याद्वारे हे मागतो, आमेन."

अनिल आमेन म्हणाला. लीलाबाई पुटपुटल्या. दादाचे ओठ मिटलेले. पंगतीत आमेन न म्हणणं म्हणजे यजमानाच्या ताटात थुंकण्यासारखं आहे. सगळे डोळे मिटून वाट बघत राहिले. मग दादाने खाकरून स्वतःची प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू येशू, तुला कोणी निर्माण केलं नाही. तूच आरंभी होतास. तूच देव आहेस. ज्यांना हे कळत नाही त्यांनाही तू कोळंबी देतोस, ही तुझी कृपा. आमेन."

आता दाविदराव गप्प. आणि मग दाविदराव पुन्हा, "हे पित्या..."

असे दोघंही पापभीरू गृहस्थ एकमेकांशी एक शब्द न बोलता, देवाला सांगतोय असं दाखवत भांडले. मी एक डोळा उघडा ठेवला होता. दारात शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई ताकाचा गडू घेऊन आल्या होत्या. प्रार्थना चाललेली पाहून त्याही भल्या माणसासारख्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी त्यांनी गडू उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुसरा दिवस : जिताडा

सकाळी लीलाबाई मला बाजारात घेऊन गेल्या. पनवेलचा मासळीबाजार बघून आमच्या नगरच्या मंडईची मला कीव आली. एका कोळणीपुढे हातभर लांब चंदेरी मासा होता. मी बोट लावून पाहिलं.

"बोटां नको लावू गो बाय," ती म्हणाली. "जिताडा हाय तो. घ्याचा तं घे, नाय तं लांबून बघ. तू घाटावरची दिसतंस."

"कशावरून?"

"आमी माशाचा डोला बघतो. तू काटं मोजतंस."

जिताडा घेतला. परत येताना वडाळे तलावाच्या काठावर लीलाबाई बसल्या आणि पहिल्यांदा मोकळं बोलल्या. घरात भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, तो मी पाहिला होता. ती बेबी, अनिलची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असताना काविळीने गेली.

"सांत्वनाला त्या वेळचे आमचे पाळक आले," लीलाबाई म्हणाल्या. "यांना म्हणाले, तुमचा विश्वास पुरेसा असता तर पोर वाचली असती. हे उठून आत गेले, ते परत त्या चर्चमध्ये गेलेच नाहीत. मग ती दुसरी माणसं यायला लागली. दर गुरुवारी येऊन नुसती बसायची यांच्याजवळ. वर्षभर. आता तुम्हीच सांगा अक्का, हे कोणाचं ऐकणार?"

मला त्या पाळकाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर ख्रिस्ती बाईला न शोभणारं काही बाहेर पडलं असतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी यांच्याबरोबर जाते. पण नाताळ मला सोडवत नाही." इथे त्या हसल्या. "चला, गंमत दाखवते."

गंमत शेजारी होती, काल गडू घेऊन आलेल्या हन्नाबाईंकडे. हन्नाबाई आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. मराठी आपल्यासारखंच, शनिवारी चूल पेटवत नाहीत. त्यांच्या फडताळातून एक पत्र्याचा डबा निघाला. आत करंज्या. गेली सहा वर्षं लीलाबाई हन्नाबाईंच्या स्वयंपाकघरात नाताळच्या करंज्या तळत होत्या आणि हन्नाबाई त्या ताटात घालून, रुमाल झाकून, "आमच्या दिव्यांच्या सणाच्या आहेत हो" म्हणून दाविदरावांना नेऊन देत होत्या; ज्यूंचाही डिसेंबरात दिव्यांचा एक सण असतो.

"आणि ते खातात?"

"चार," हन्नाबाई म्हणाल्या. "एका बैठकीला. शेजारधर्म म्हणून."

येशूचा वाढदिवस ज्यू बाईच्या ओट्यावर तळून, तो न मानणाऱ्याच्या पोटात घातला जात होता. मी इतकी हसले की हन्नाबाईंनी मला पाणी दिलं. "बाई, काल तुमची प्रार्थना ऐकली," त्या म्हणाल्या. "आमच्यात तर देवाचं नाव उच्चारायलाही आम्ही घाबरतो. तुम्ही लोक त्याला मध्ये घालून भांडता म्हणजे फारच जवळीक दिसते."

दुपारी जिताडा तळला, वासाने जिना भरला, आणि पुन्हा तेच. दादाने सुरुवात केली, दाविदरावांनी उत्तर दिलं. तिसऱ्या फेरीला मांजर आलं. माझ्या उघड्या डोळ्यादेखत त्याने दादाच्या ताटातली सर्वांत मोठी तुकडी उचलली. प्रार्थनेत "हाड्" म्हणावं की नाही याबद्दल दोन्ही भाषांतरांत काही दिलेलं नाही, म्हणून मी गप्प बसले. दादाने डोळे उघडले, ताटाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तुकडी मी खाल्ली असंच तो आजही समजतो.

जेवण झाल्यावर मात्र दोघं उघड उघड भिडले. टेबलावर तीन बायबलं. दादाचं फडक्यातलं, दाविदरावांच्या मंडळीचं, आणि अनिलचं सोप्या मराठीतलं, ज्याला दादा 'वर्तमानपत्र' म्हणाला.

"तुमच्या भाषांतरवाल्यांनी सिद्धान्त आधी ठरवला आणि शब्द मग शोधले," दादा म्हणाला.

"आणि तुमच्यांनी?" दाविदराव म्हणाले. "बाप माझ्याहून मोठा आहे असं येशू स्वतः सांगतो. ते तर तुमच्याही पुस्तकात आहे."

"ती त्याची नम्रता. पुनरुत्थानानंतर शिष्य थोमाने येशूच्या जखमेकडे पाहून त्याला देव म्हटलं, तेव्हा येशूने त्याला गप्प केलं का?"

"घाबरलेला माणूस काहीही बोलतो, मास्तर."

हे मला मनातून पटलं. इंजेक्शन टोचलं की माझ्या वॉर्डातले पैलवानसुद्धा "आई गं" म्हणत, म्हणून मी कोणाची आई झाले नाही. पण हे बोलून दाखवलं असतं तर दादाने मला घाटातच उतरवलं असतं.

"वाचून दाखवतो," म्हणत दादाने गाठ सोडली, पान उघडलं, पुस्तक नाकाला लावलं, हात लांब केला, पुन्हा नाकाला लावलं. चष्मा तेव्हा परळ डेपोत असावा. मी वाचावं तर माझं वाचन त्याला शाळेपासून पसंत नाही. शेवटी दाविदराव म्हणाले, "आणा, मी वाचतो."

दादाला ते पुस्तक पाठ होतं. समोरच्याने एक शब्द जरी गाळला तरी पकडायचा, अशा बेताने तो कान टवकारून बसला. दाविदराव वाचू लागले. योहानाचा पहिला अध्याय, ज्यात आरंभी शब्द होता आणि तो शब्द म्हणजेच देव असं येशूबद्दल लिहिलं आहे, मग थोमाचा प्रसंग. त्यांच्या मताविरुद्ध जाणारी ओळ आली की मला वाटे, आता ते घाई करतील. उलट तिथे ते जास्त सावकाश वाचत. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, फडक्यात गुंडाळलं आणि गाठसुद्धा होती तशीच मारली.

"मला हे पटत नाही," ते म्हणाले. "पण इथे असं लिहिलं आहे, हे खरं."

दादाने गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाला, "तुमचं वाचन फार चांगलं आहे." चाळीस वर्षांत दादाने इतकं गुणगान कोणाचं केलेलं मला आठवत नाही.

तिसरा दिवस : सहीची जागा

दुपारच्या गाडीने आम्हाला निघायचं होतं. सकाळी दादाने कागद अनिलपुढे ठेवला. अनिलने वाचला आणि पेन काढलं.

"काका, मी सही करतो. लहानपणापासून मी येशूलाच हाक मारतो, ते काही बदललेलं नाही."

दाविदराव खिडकीशी उभे होते. "कर," ते म्हणाले. "तुझं वय आहे, तुझा विश्वास आहे. फक्त मग मी लग्नाला येणार नाही. ज्या कागदावर माझ्या घराला नापास करून मुलाला पास करतात, त्या कागदाच्या लग्नाला मी कसा बसू?"

अनिलचं पेन थांबलं. "बाबा नसतील तर मी लग्न करणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने पेन खिशात ठेवलं.

सही झाली तर बाप नाही, आणि बाप नाही तर मुलगा नाही. सही नाही झाली तर नावं वाचली जाणार नाहीत. मला एसटी स्टँडवरची सुनीती दिसायला लागली. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि नर्सच्या हातात काही नसलं की ती काय करते? ती म्हणते, आधी जेवून घ्या.

ताटं मांडली. आता प्रार्थना कोणी करायची? दोन्ही पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. दोघंही थकले होते. पण दुसऱ्याला सुरुवात करू द्यायची तयारी कोणाचीच नव्हती.

मी म्हटलं, "लीलाबाई, आज तुम्ही करा."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. लीलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. सहा वर्षांत त्या घरात त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती, हे मला मागाहून कळलं.

"येशू," त्या म्हणाल्या. नुसतं येशू. पुढे जुळवाजुळव काही नाही. "बेबी आजारी होती तेव्हा मी तुलाच हाक मारली. रात्रंदिवस मारली. तू तिला बरं केलं नाहीस. पण तू उठून गेला नाहीस, तिच्या उशाशी बसलास, हे मी पाहिलं. यांना ते दिसलं नाही, यांचा दोष नाही, यांचे डोळे भरलेले होते. माझ्या पोराचं लग्न होऊ दे. यांना त्या लग्नाला येऊ दे. आमेन."

मी आमेन म्हटलं. अनिल म्हणाला. दादा म्हणाला, मोठ्याने. मग सगळे थांबले. या वेळी मी दोन्ही डोळे मिटून घेतले, कारण ते पाहायचा मला हक्क नव्हता. बाहेर रस्त्यावर कुठलासा भंगारवाला ओरडत गेला. आणि मग दाविदरावांचा खर्जातला आवाज आला, फाटलेला.

"आमेन."

सगळ्यांनी घास उचलले. लीलाबाई शेजारी गेल्या आणि परत आल्या त्या पत्र्याचा डबा घेऊनच, आमच्या वाटेच्या शिदोरीसाठी. त्यांनी झाकण उघडलं, आत त्याच करंज्या. "हन्नाबाईंनी दिल्या," मी घाईने म्हटलं. "त्यांच्या दिव्यांच्या सणाच्या."

दाविदरावांनी एक उचलली. "अक्का, हन्नाबाईंचा सण कधी आठ दिवस आधी येतो, कधी पंधरा दिवस. त्यांच्या करंज्या मात्र दरवर्षी पंचवीस तारखेलाच येतात." त्यांनी घास घेतला. "आणि सारणात भाजलेली खसखस. ही आमच्या आईची पद्धत. सहा वर्षं खातोय मी."

लीलाबाई डब्याचं झाकण हातात धरून उभ्याच राहिल्या. दाविदरावांनी दुसरी करंजी उचलून दादाच्या ताटात ठेवली.

दादाने ती खाल्ली, बोटं पुसली आणि पाळकांचा कागद मागून घेतला. अनिलच्या सहीची जागा त्याने आडवी रेघ मारून खोडली. मग खाली, चष्मा नसल्यामुळे उतरत्या ओळीत, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर चाळीस वर्षं लिहीत आला त्याच अक्षरात लिहिलं: "लेखी परीक्षेची गरज नाही. तोंडी घेतली. सर्व घर उत्तीर्ण. शांतवन मास्तर."

"हे चालेल?" अनिलने विचारलं.

"न चालायला काय झालं?" दादा म्हणाला. "पाळकाला पाढे मी शिकवलेत."

नगर

पाळकांनी कागद दोनदा वाचला. एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा करंजीच्या डब्याकडे. रविवारी नावं वाचली गेली. कोणाची हरकत आहे का, असं विचारल्यावर दादाला नेमका खोकला आला आणि अख्खी मंडळी मागे वळली. सुनीती मात्र हसत होती.

काल दाविदरावांचं कार्ड आलं. लग्नाला येतो, पण उपासनेत योहानाचा पहिला अध्याय वाचला जाणार असेल तर ते आपल्याला पटणार नाही हे आधीच कळवतो, असं स्वच्छ लिहिलं आहे. दादाने परळहून परत आलेला चष्मा लावला आणि उलट टपाली उत्तर लिहिलं. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मी अर्थात वाचलं.

"तो अध्याय वाचला जाणारच. तो तुम्ही वाचायचा आहे. तुमच्याइतका खरा वाचणारा आमच्या मंडळीत नाही."